लिफ्टमनची एकतीस पानं

बाइंडरला कवितेचा राग नव्हता, पण लोभही नव्हता. पस्तीस वर्षांत त्यानं हजारो पुस्तकं शिवली, पण त्यातली वाचली किती विचाराल तर मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि अंगठा उरेल. तो म्हणायचा, न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते बघू नये, केस बघावेत. आपलं काम कडा सारख्या करायचं, आत काय लिहिलंय ते लिहिणारा जाणे. शाळा त्याची चौथीत सुटली. लोक म्हणायचे यानं सोडली. तो म्हणायचा, छे, शाळेनंच मला सोडलं, आणि एकमतानं सोडलं. अक्षर वाचता यायचं, पण ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, चढावर हातगाडी ढकलावी तसं.

मंगळवारी सकाळी एक बाई दुकानात आली. उंच, साठीच्या पुढची, पाठ ताठ. टॉवेलमध्ये गुंडाळलेला गठ्ठा तिनं टेबलावर ठेवला आणि गाठ सोडायला बराच वेळ घेतला.

"हे... बांधून द्या," ती म्हणाली.

एकेक शब्द ती असा ठेवायची की वाटावं, दुसरा देईल की नाही. बाइंडरला वाटलं, असतात काही माणसं, शब्द मोजून देणारी. मोठ्या घरची असेल.

"काय आहे, बाई?"

"कविता. माझ्या नवऱ्याच्या. गेले ते. चैन पडायची नाही त्यांना लिहिल्याशिवाय."

"काय करायचे?"

"लिफ्ट चालवायचे. एकोणतीस वर्षं. एकाच इमारतीत."

बाइंडरनं गठ्ठा चाळला. एकतीस पानं. एकही दुसऱ्यासारखं नाही. कुठं वहीचं फाडलेलं, कुठं जुन्या कॅलेंडरची पाठ, कुठं नोटिशीचा कोरा अर्धा भाग. कडा कुरतडल्यासारख्या. प्रत्येक पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा.

"छापून आल्यात?"

"नऊ आल्या. एका मासिकात. त्यांनी लिहिलं, मोठा कवी. नवीन पद्धतीचा." ती थांबली. "दोन गोष्टी आहेत. हा क्रम त्यांनी लावलाय. जायच्या आधी आठ दिवस, अंथरुणात बसून. तो... मोडायचा नाही."

"नाही मोडणार. दुसरी?"

"वाचायचं नाही."

"त्याची काळजीच सोडा," बाइंडर म्हणाला. "मला वाचायला बसवणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं."

बाई हसली नाही. बाइंडरच्या तोंडून मग नको ते निघून गेलं. "तुम्ही वाचल्यात?"

"नाही." तिनं टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "शेवटची दोन वर्षं आम्ही फार बोललो नाही. माझ्याबद्दल काय लिहिलं असेल... ठाऊक नाही. धीर झाला की वाचीन. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांनी लावलंय तसं. म्हणून घट्ट बांधा. एखादं पान मला उपटावंसं वाटलं... तरी उपटता येऊ नये."

पस्तीस वर्षांत लोकांनी त्याच्याकडे काय काय मागितलं होतं. कुणाला पाठीवर सोनेरी अक्षरं हवीत, कुणाला कोपऱ्याला चामडं. पण स्वतःच्याच हातापासून वाचवून बांधा, असं सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच. तो म्हणाला, "येत्या मंगळवारी घेऊन जा." आणि छातीवर हात ठेवला, जो तो कधी ठेवत नसे.

आता घोळ कसा झाला ते ऐका.

बाइंडरच्या दुकानात दोन माणसं, तो आणि त्याची बायको. तो कापायचा आणि शिवायचा. ती फाटलेली पानं खळ लावून, वर पातळ कागद बसवून सांधायची. तीस वर्षांची एक ठरलेली रीत होती. गठ्ठा मशीनखाली सरकवायच्या आधी तो ओरडायचा, "नंबर?" आणि ती जिथं असेल तिथून ओरडायची, "बघितला." मग तो दांडा ओढायचा. नंबर कापला जाणार असेल, तर ती आधी पानाच्या डोक्यावर पेन्सिलीनं उतरवून ठेवायची. साधी गोष्ट, पण तीस वर्षांत एक पान इकडचं तिकडं झालं नव्हतं.

बुधवारी बायको डोळे तपासायला गेली होती. बाइंडर सकाळपासून शाळांची रजिस्टरं कापत होता, दोनशे नग. मशीनच्या पात्याला नुकतीच धार लावलेली, हात लयीत आलेला. रजिस्टरं संपली तशी त्यानं कवितांचा गठ्ठा घेतला. लहानमोठी पानं आधी एका मापाची करावीत म्हणून ठोकून सारखी केली, तळातून बोटभर घेतलं आणि दांडा ओढला. "नंबर?" तो सवयीनं म्हणालाही. उत्तर आलं नाही, पण सवय अशी हलकट, की न आलेलं उत्तरही तिला ऐकू येतं.

दुपारी तो पुठ्ठा आणायला बाहेर पडला आणि बायको परत आली. टेबलावर फाटक्या कडांचा गठ्ठा बघून तिनं खळीची वाटी घेतली. सांधलेली पानं ओली, ती एकमेकांवर ठेवून चालत नाही. तिनं ती मोकळी पसरली. टेबलावर, बाकावर, खिडकीच्या कट्ट्यावर, दोन तर शिवणयंत्रावर. नंबर आहेतच, गोळा करताना लावू, हे तिला ठाऊक. त्याला ठाऊक, की बायको बघितल्याशिवाय पान हलवत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात तसं झालं. फरक एवढाच, की यात आंधळं कोण आणि कुत्रं कोण यावर पुढे चार दिवस वाद चालला.

संध्याकाळी पानं वाळली. बायकोनं पहिलं उचललं, उलटवलं, तळाशी बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "नंबर कुठायत?"

बाइंडर दाराकडे धावला, कारण कातरणीचं पोतं रोज दुपारी काचसामानवाला घेऊन जायचा, पेट्यांत भरायला. पळत गेला तर काचसामानवाला म्हणाला, पेट्या भरल्या, खिळे ठोकले, गाडी जाऊन दोन तास झाले. कुणाच्या तरी घरी आता ग्लासांच्या भोवती लिफ्टमनचे आकडे गुंडाळलेले असणार.

परत आला तो तोंडात मारल्यासारखा बाकावर बसला.

"नवीन चष्मा लागला का?" त्यानं विचारलं.

"लागला. पण उशिरा लागला," बायको म्हणाली. "तुम्हालाच आधी न्यायला हवं होतं."

गुरुवारी सकाळी त्यांनी पानं परत मांडली. बाइंडर कागदाचा माणूस. आधी त्यानं कागदालाच विचारलं. तेरा पानं निळ्या शाईची, अठरा काळ्या. काळ्यांचं अक्षर थरथरतं, म्हणजे उशिराची. पण क्रम लिहिल्याप्रमाणे लावला असेल कशावरून? माणूस अंथरुणात बसून नंबर घालतो, तो तारखा बघून घालत नाही.

"वाचायला लागणार," बायको म्हणाली.

"शब्द दिलाय."

"शब्द दोन दिले होते. एक कापून बसलात. दुसऱ्याचं काय लोणचं घालायचं?"

बाइंडर बराच वेळ खळ ढवळत बसला. मग हात धुतले, कोरडे केले आणि पहिलं हाताला लागलं ते पान घेतलं. बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं:

*सकाळी मी माणसं वर नेतो,*
*संध्याकाळी तीच खाली आणतो.*
*मधल्या वेळात वर त्यांनी काय केलं,*
*मला कुणी सांगत नाही.*

त्याला हसू आलं. "अगं, ही कविता आहे होय? हे तर मीच म्हणतो. पुस्तकं येतात, पुस्तकं जातात."

"यमक नाही."

"नाही. पण टोचतं बघ. हसवून टोचतं."

असं त्यांचं सुरू झालं. दुपारचं जेवण झालं की दुकानाचं दार लोटायचं आणि चार-पाच पानं वाचायची. तो वाचायचा, ती ऐकायची. मोठी मोठी माणसं कवितेचा अर्थ लावतात ते कसा लावतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांनी आपल्या धंद्याच्या पद्धतीनं लावला. बायकोनं ढीग केले. ज्यात लिफ्ट आहे तो एक ढीग, स्टूल आहे तो दुसरा, भिंत आणि खिडकी तिसरा, आणि ज्यात 'ती' आहे तो चौथा. चौथ्यात अकरा पानं निघाली.

"बघा," ती म्हणाली, "हा माणूस वस्तू बदलत नाही. फिरून फिरून त्याच चार वस्तू. पण वस्तू तीच असली तरी दर वेळी तिचं काम निराळं. इथं स्टूल बघा."

*स्टुलाला तीन पाय.*
*चौथा मी.*

"इथं तो चौथा पाय आहे. म्हणजे त्याच्याशिवाय स्टूल पडेल. आणि ह्या दुसऱ्या पानावर? स्टूल रिकामं आहे आणि उभं आहे."

"मेला वाटतं."

"निवृत्त झाला हो. मेल्यावर कसं लिहील?"

बाइंडर आवाजाकडे बघायचा. त्याचं म्हणणं, कागद हलवला की कळतं, कोरडा आहे की दमट. तशी ओळही हलवून बघावी. वर-खाली करायच्या कविता तो हसऱ्या आवाजात वाचायचा, स्टुलाच्या हळू. एकदा एका पानाशी तो बराच थांबला.

*वीज गेली. दोन मजल्यांच्या मध्ये.*
*खालचे म्हणतात, वर आहे.*
*वरचे म्हणतात, खाली आहे.*
*मी म्हणतो, ऐका,*
*इथेही एक खोली आहे.*
*तिला फक्त पत्ता नाही.*

"हे त्याचं सगळं पुस्तक आहे," बाइंडर म्हणाला. "ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना जागेवर पोचवलं, त्याला स्वतःला उतरायला मजला नाही. बाकी तीस पानं ह्या एकाला शिवलेली आहेत."

बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर पहिल्या वर्षी कधीतरी बघितलं असेल. मग म्हणाली, "चौथीत नापास कसे झालात तुम्ही?"

"गणितात."

एका पानावर मात्र दोघांचं अडलं. त्यावर एकाखाली एक शब्द होते, बाकी काही नाही. कप. खिडकी. ताट. चमचा. पाऊल. उद्या.

"ही कसली कविता?" बाइंडर म्हणाला. "भांड्याच्या दुकानाची यादी आहे. चुकून आली असेल."

"यादीत 'उद्या' कोण लिहितं?"

"ज्याचं आजचं काम आज झालं नाही तो. माझ्यासारखा."

यादी त्यांनी बाजूला ठेवली. खरं घोडं अडलं ते शेवटच्या पानावर. कारण पुस्तकाचं शेवटचं पान म्हणजे माणसाचा शेवटचा शब्द. बाई ते वाचून पुस्तक मिटणार आणि जन्मभर तेच घेऊन बसणार. काळ्या शाईच्या, थरथरत्या अक्षराच्या दोन कविता समोर होत्या. एक ही:

*घरी येतो तरी मी उभाच.*
*ती भिंतीशी बोलते.*
*भिंत तिला उत्तर देते,*
*माझ्यापेक्षा बरं.*

ही बाइंडरनं वाचली तेव्हा शेवटची ओळ त्याच्या तोंडून टोमण्यासारखी सुटली. दोघांना नवराबायकोचं भांडण दाराआडून ऐकल्यासारखं झालं.

"कडू आहे," बायको म्हणाली.

"कारलं बरं ह्यापेक्षा."

दुसरी ही:

*पलीकडच्या खोलीत ती कूस बदलते.*
*माझ्या आत काहीतरी*
*एक मजला वर येतं.*

"हीच शेवटी लावा," बायको लगेच म्हणाली. "एकतीस पानांत 'वर' हा शब्द मी मोजलाय. सगळीकडे वर जातात ते दुसरे लोक. तो स्वतः वर येतो तो फक्त इथं. आणि कुणामुळे? हिच्यामुळे. बाईला बरं वाटेल."

"आणि भिंतीवाली?"

"भिंतीवाली घाला मध्ये कुठंतरी, सतराव्या-अठराव्याला. वाचताना जांभई येते तिथं."

बाइंडरला ते पटलं. सोमवारी सकाळी त्यानं पानं त्या क्रमानं लावली, शिकंज्यात आवळली, टोच्यानं भोकं पाडायला घेतलं. टोचा कागदावर टेकवला आणि हात तिथंच राहिला.

"काय झालं?"

"सुटा कागद असला ना, तर माणूस संशय घेतो," तो म्हणाला. "कुणी लिहिला, कुठनं आला. पण एकदा शिवला, पुठ्ठा चढवला, की माणूस मुकाट विश्वास ठेवतो. आजवर लोकांच्या खोट्याला मी कापडी पाठ शिवली असेल, नाही म्हणत नाही. पण ते खोटं त्यांचं होतं. हे माझं होईल."

"आपण चांगल्यासाठी करतोय."

"हो. पण तिनं माझ्याकडे चांगलं मागितलं नव्हतं. नवऱ्याचा क्रम मागितला होता."

त्यानं पानं शिकंज्यातून काढून परत टॉवेलमध्ये गुंडाळली. बायकोनं चपला घातल्या.

"तू कुठं?"

"तुमच्याबरोबर. एकटे गेलात तर अर्धं सांगाल आणि चहा पिऊन परत याल."

बाईचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर बाइंडर कठड्याला धरून म्हणाला, "लिफ्टमनच्या घराला लिफ्ट नाही, यावर त्यानं कविता कशी नाही केली?" बायको म्हणाली, "दम राखा, वर लागेल."

दोन खोल्या. पुढच्या खोलीत जेवायचं टेबल, तीन खुर्च्या, पलीकडच्या खोलीचं दार उघडं. बाईनं दार उघडून दोघांना बघितलं, मग गठ्ठ्याकडे बघितलं. टॉवेल तोच होता.

"उद्या मंगळवार," ती म्हणाली.

"उद्यापर्यंत थांबलो असतो तर आलोच नसतो," बाइंडर म्हणाला, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पातं, खळ, काचसामानवाला. काही लपवलं नाही, आणि बायकोवरही ढकललं नाही, जरी ती बाजूला असताना ढकलायला सोपं होतं. शेवटी म्हणाला, "आणि वाचल्यासुद्धा. क्रम लावता येईल म्हणून. दोघांनी वाचल्या."

बाई खिडकीशी गेली. पाठमोरी उभी राहिली. शेजारी कुणीतरी बादली सरकवली त्याचा आवाज आला, म्हणजे भिंती तिथल्या पातळ.

"क्रम," ती म्हणाली, "मिळणार नाही."

"नाही, बाई."

"शेवटची गोष्ट केली होती त्यांनी. ती."

"हो."

माफ करा म्हणणं त्याच्या जिभेवर आलं आणि त्यानं ते गिळलं. एवढ्या नुकसानीवर तो शब्द ठेवला तर तो नुसता घसरून पडला असता.

बाई वळली. "माझ्याबद्दल... किती?"

"अकरा," बायको म्हणाली.

"वाईट?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढं पुरे झालं.

"एक आहे," बाइंडर म्हणाला. "बाकी नाहीत. उलट एक तर इतकी..."

"वाईट आहे ती वाचा."

"बाई, आधी ती दुसरी..."

"ती वाचा." आणि ती खुर्चीवर बसली, दोन्ही हात टेबलावर, डॉक्टरकडे बसावं तशी.

बाइंडरनं बोट ठेवलं आणि वाचलं. घरी येतो तरी मी उभाच. ती भिंतीशी बोलते. भिंत तिला उत्तर देते. माझ्यापेक्षा बरं. आवाज मऊ ठेवायचा त्यानं प्रयत्न केला, पण शेवटच्या ओळीला तो टोमणा आलाच.

बाईनं एक हात उचलला आणि त्याच्या डोक्यामागच्या भिंतीकडे बोट केलं.

"ही," ती म्हणाली. "हीच."

बाइंडरनं मागे वळून बघितलं. साधी भिंत, पलीकडच्या खोलीची. चुना जरा उडालेला.

"अडीच वर्षं झाली. मला झटका आला. हात-पाय वाचले. बोलणं गेलं." ती थांबत थांबत सांगत होती, आणि बाइंडरला आत्ता कळलं, की ही बाई शब्द मोजून देत नाही, शोधून देते. "दवाखान्यात सांगितलं, रोज अर्धा तास मोठ्यानं शब्द म्हणायचे. ह्यांच्यासमोर म्हणायची. पण मी अडकले की हे... लगेच शब्द पुरवायचे. प्रेमानंच. मला राग यायचा. ओरडावं म्हटलं तर ओरडायलाही शब्द नाही. एक दिवस ताट फेकलं. मग हे त्या खोलीत जायचे. आणि मी भिंतीशी बोलायची. भिंत मध्ये बोलत नाही."

"थांबते," बायको हळूच म्हणाली.

"थांबते. म्हणून मला उत्तर सापडायचं." तिनं टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. "मला वाटायचं, ते खोलीत जाऊन झोपतात. रागावलेत, म्हणून येत नाहीत. तेही कधी बोलले नाहीत. ते उभे होते होय?"

बाइंडरनं पानाकडे परत बघितलं. त्याच चार ओळी, एक अक्षर हललेलं नव्हतं. पण ज्याला तो चार दिवस बायकोवरचा टोमणा समजत होता, तो नवऱ्यानं स्वतःलाच मारलेला होता. माझ्यापेक्षा भिंत बरी, कारण तिला गप्प राहता येतं. आणि टोमणा आला कुठून? त्याच्या स्वतःच्या घरातून. कविता लिफ्टमनची होती आणि आवाज बाइंडरच्या दुकानातला.

"मी चुकीचं वाचलं, बाई," तो म्हणाला. "अक्षरं बरोबर वाचली, पण चुकीचं वाचलं."

बायकोनं मधेच गठ्ठ्यातून एक पान ओढलं आणि बाईपुढे ठेवलं. "हे तुमचं आहे का बघा. आम्हाला वाटलं यादी."

बाईनं पान जवळ घेतलं. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तिलाही आता बोट ठेवूनच वाचायला लागायचं. "कप," ती म्हणाली. "खिडकी. ताट... चमचा. पाऊल." मग थांबली. "हा शेवटचा यायचा नाही. तीन महिने नाही आला. मी कप, ताट सगळं म्हणायची आणि ह्या शब्दाशी येऊन... रडायची. ते पलीकडून ऐकत असणार. ज्या दिवशी आला त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही."

"त्यांना ठाऊक होतं," बायको म्हणाली. "ऐकला म्हणूनच 'उद्या' लिहिला. शाई काळी आहे. लिहिलं तेव्हा हात थरथरत होता."

बाई रडली नाही. तिनं पान टेबलावर सपाट केलं, तळहातानं, बाइंडर करतो तसं, मधून कडेकडे.

"तुम्ही क्रम घालवलात," ती बाइंडरला म्हणाली. "ते मी... विसरणार नाही."

"विसरू नका."

"बांधायचं नंतर बघू. आधी मला सगळ्या ऐकायच्यात. कुठली कधीची, ते मला थोडं सांगता येईल. मग मी लावीन. त्यांच्यासारखं नाही लागणार."

"नाही लागणार," बाइंडर म्हणाला. "पण लागेल."

"ती परत वाचा. भिंतीची."

बाइंडरनं खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच तिथं बसला. बायकोनं नवा चष्मा पुसून त्याच्याकडे सरकवला. त्याला तो लागत नव्हता, तरी त्यानं घातला. बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं.

"घरी येतो तरी..."

"हळू," बाई म्हणाली. "ते एवढ्या मोठ्यानं बोलायचे नाहीत. दिवसभर दहा माणसं एका डब्यात असायची. कुणाच्या कानाला लागू नये म्हणून... खाली बघून बोलायचे."

त्यानं मान खाली घातली आणि परत सुरुवात केली.

"अजून हळू."